पाच भोकांच्या प्रेसवर बुलेट फीडर बसवताना

अमेरिकेत स्वतःची काडतुसं स्वतः भरणाऱ्यांच्या गॅरेजात पाच स्टेशनचा प्रोग्रेसिव्ह प्रेस (दांड्याच्या एका ओढीत पाच जागी पाच कामं करणारं यंत्र) आता नवलाचा राहिलेला नाही. दांडा एकदा खाली ओढून वर नेला की एक काडतूस तयार होऊन डब्यात पडतं. केस फीडर जोडला की रिकामी पुंगळी ठेवायचं काम सुटतं. मग डाव्या हाताला दर दांड्यामागे एकच काम उरतं: बुलेट उचलायची आणि पुंगळीच्या तोंडावर उभी करायची. बुलेट फीडर तेवढं काम काढून घेतो.

ते काढून घेताना तो आणखी एक गोष्ट नेतो, जी जाहिरातीत नसते. हाताने बुलेट ठेवताना नजर आपोआप पुंगळीत जाते. पावडर पडली की नाही, जास्त तर नाही ना, हे त्या अर्ध्या सेकंदात दिसतं. हात गेला की नजरही जाते. तेव्हा पाना हातात घेण्याआधी त्या नजरेच्या जागी कोण बसणार हे ठरवावं लागतं. खालचा निम्मा खटाटोप त्यासाठीच आहे.

वेळेचाही हिशोब आधीच करून टाकू. दर काडतुसामागे एक सेकंद वाचला असं धरलं, तर हजार काडतुसांमागे सुमारे सतरा मिनिटं वाचतात. महिन्याला दोनशे काडतुसं लागणाऱ्याने त्यासाठी काहीशे डॉलर घालवू नयेत. आठवड्याला नेमबाजीची मॅच खेळणाऱ्याची गोष्ट वेगळी. त्याचा खांदा, मान आणि लय वाचते, आणि ती सतरा मिनिटांपेक्षा मोलाची असते. केस फीडर नसेल तर आधी तो घ्या. नाहीतर बुलेटवरून सुटलेला हात पुंगळीत अडकतो, फायदा शून्य.

शब्दांचा घोळ नको म्हणून सांगून ठेवतो: आपण बोलताना ‘गोळी’ अख्ख्या काडतुसालाही म्हणतो. इथे ‘बुलेट’ म्हणजे बंदुकीच्या नळीतून बाहेर जाणारा पुढचा तुकडा फक्त, ‘पुंगळी’ म्हणजे पितळी नळकांडं, ‘प्राइमर’ म्हणजे तिच्या बुडाशी बसणारी, ठिणगी देणारी टिकली, आणि बुलेट, पुंगळी, पावडर, प्राइमर हे चारही भाग जुळले की ‘काडतूस’. ‘थाऊ’ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, वर्कशॉपात म्हणतात तोच.

कायद्याचं दोन ओळींत. अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी काडतुसं भरायला केंद्रीय परवाना लागत नाही. विकण्यासाठी भरली तर उत्पादकाचा, टाइप ०६, परवाना लागतो. राज्यांचे आणि गावांचे नियम वेगळे असू शकतात, ते आपापले पाहावेत. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही. महाराष्ट्रात काडतूस म्हटलं की खडकी आणि वरणगावचे कारखाने, घरची गॅरेज नव्हे. रेंजवर नेलेलीच बॅग घेऊन मुंबईच्या विमानात बसणाऱ्यांनी तिचे सगळे कप्पे उलटे करून झटकावेत. एक विसरलेलं काडतूस विमानतळावर भलतंच महाग पडतं.

आधी पाच भोकांची वाटणी

उदाहरण म्हणून डिलन कंपनीचा एक्सएल ७५० घेऊ. हा प्रेस २०१९ मध्ये जुन्या ६५० च्या जागी आला. काडतूस ९ मिमी ल्युगर. या प्रेसची नेहमीची मांडणी अशी: पहिल्या स्टेशनवर पुंगळी साइझ होते (आवळून मूळ मापात येते) आणि जुना प्राइमर निघतो, दुसऱ्यावर नवा प्राइमर, पावडर आणि तोंड फुलवणं, तिसऱ्यावर पावडर चेक (पावडर पडली का ते तपासणं), चौथ्यावर बुलेट दाबणं, पाचव्यावर क्रिंप (तोंड पुन्हा आवळणं). सगळी घरं भरलेली. प्रत्येक भोकात एक डाय, म्हणजे ते काम करणारा साचा, बसतो; फीडरमधली बुलेट पुंगळीवर सोडणारा ड्रॉपर डाय बसवायचा तर कोणाला तरी उठवावं लागेल.

बरेच जण तिसऱ्या स्टेशनवरचा पावडर चेक काढतात, कारण ते सर्वांत सोपं. ड्रॉपर तिथे जातो, बाकी काही हलत नाही, दोन्ही जुने डाय तसेच राहतात. आमच्या मते हीच मांडणी टाळावी. ज्या दिवशी नजर काढून घेतली त्याच दिवशी अलार्मही काढला, असा तो प्रकार होतो. ९ मिमीच्या पुंगळीत जलद जळणाऱ्या पिस्तूल पावडरचा दुप्पट भारही मावू शकतो, आणि तो वर सांडत नाही. उलट बाजूला, पावडरच पडली नाही तर एकटा प्राइमर बुलेटला नळीत अर्ध्यावर ढकलून ठेवतो. आवाज फुसका येतो, नेमबाजाला वाटतं काडतूस उडालंच नाही, तो स्लाइड ओढून पुढची झाडतो आणि नळी फुटू शकते.

दुसरी मांडणी जास्त मेहनतीची, पण खरी: तिसऱ्यावर पावडर चेक तसाच, चौथ्यावर ड्रॉपर, आणि पाचव्यावर दाबणं व क्रिंप एकाच डायमध्ये. डिलनच्या संचात ही दोन कामं दोन वेगळे डाय करतात, तेव्हा एकत्र काम करणारा डाय वेगळा घ्यावा लागतो. ली, हॉर्नडी, आरसीबीएस यांचे सीटिंग डाय क्रिंपही करतात. पाचव्यावर नुसतं दाबून क्रिंप नंतर हाताने वेगळा करणारेही आहेत, पण मग स्वयंचलित कशाला म्हणायचं.

पावडर चेकमध्येही फरक आहे. डिलनचा भार चुकला की आवाज करतो. हॉर्नडीच्या पावडर कॉपमध्ये वर येणाऱ्या दांडीवरची खूण स्वतः पाहावी लागते, आणि फीडरसोबत ती पाहण्याची शिस्त टिकत नाही. आरसीबीएसचा लॉकआउट डाय प्रेसचा दांडाच अडवतो. कानाला मफ लावून काम करणाऱ्यांनी हा शेवटचा घ्यावा. यातलं काहीही पावडरचं वजन मोजत नाही. रिकामी आणि दुप्पट यांतला ढोबळ फरक तेवढा पकडला जातो. दशांश ग्रेनची (ग्रेन हे वजनाचं बारीक एकक) चूक तराजूवरच दिसते.

सहा किंवा आठ स्टेशनचा प्रेस असेल तर ही कसरत नाही. पण १०५० आणि ११०० या मोठ्या डिलनमध्ये शेलप्लेट (पुंगळ्या धरणारी चकती) वर न जाता जागेवर राहते आणि टूलहेड (डाय बसवलेला वरचा भाग) खाली येतं. त्यासोबत ड्रॉपर आणि त्याच्यात बुलेट आणणारी वरची नळीसारखी स्प्रिंगही दर दांड्याला खाली-वर होते. तिथे स्प्रिंग थोडी सैल ठेवावी लागते. ७५० मध्ये टूलहेड स्थिर, शेलप्लेट वर येते, म्हणून स्प्रिंग जवळजवळ ताठ ठेवता येते.

काय लागतं

पुंगळीच्या धक्क्याने चालणारा ड्रॉपर डाय, आटे नेहमीचे ७/८-१४. मिस्टर बुलेटफीडरचा किंवा त्याच धर्तीचा. सोबत त्याच कॅलिबरचा पावडर फनेल, जो तोंड पायरी काढून फुलवतो. बुलेट रचून देणारा कोलेटर, त्याचा स्टँड, १२ व्होल्टचा अडॅप्टर, आणि कोलेटरपासून ड्रॉपरपर्यंतची स्प्रिंग. घरी थ्रीडी प्रिंटरवर कोलेटर छापणारेही बरेच आहेत. तो चालतो, पण छापलेल्या चकतीच्या कडा घासून गुळगुळीत कराव्या लागतात, नाहीतर बुलेट खाचेत अडकते.

याखेरीज हजारांश इंच दाखवणारा कॅलिपर, ग्रेनचा तराजू, हातोडीसारखा बुलेट पुलर, पातळ लॉक रिंगा (७५० च्या टूलहेडात डाय इतके जवळ आहेत की जाड रिंगा एकमेकींना भिडतात) आणि शेलप्लेटवर झोत टाकणारा एक छोटा एलईडी दिवा. दिव्याला काटछाट करू नका.

बुलेट कोणती, यावर अर्धं यश अवलंबून आहे. गोल टोकाची, तांब्याच्या आवरणाची ११५ किंवा १२४ ग्रेनची बुलेट सर्वांत सरळ चालते. कोटिंग केलेली शिशाची चालते, पण रंगाची भुकटी ड्रॉपरमध्ये साठते. मेणाचं वंगण लावलेली उघडी शिशाची बुलेट फीडरमध्ये घालूच नये, ड्रॉपरच्या आतले छर्रे चिकटून बसतात. रुंद तोंडाच्या हॉलो पॉइंटचं (टोकाला खड्डा असलेल्या बुलेटचं) पुढे येईलच.

पायरी पहिली: फीडर नसताना प्रेस नीट आहे का

हे टाळून थेट डबा उघडणारे नंतर दोन दिवस चुकीच्या जागी दोष शोधतात. जुन्याच मांडणीत वीस काडतुसं भरा आणि लांबी मोजा. शेलप्लेटचा मधला बोल्ट सैल असेल तर प्लेट डुलते, आणि डुलणाऱ्या प्लेटवर बुलेट उभी राहणार नाही. प्लेट हाताने फिरेल पण वर-खाली हलणार नाही इतका बोल्ट आवळा, मग त्याचा कुलूप-स्क्रू घट्ट करा.

पायरी दुसरी: पावडर फनेल

पावडर मेझरच्या (पावडर मापून टाकणाऱ्या भागाच्या) कॉलरचे स्क्रू सैल करून मेझर उचला, डायमधला जुना फनेल काढा, नवा टाका. इथेच सगळ्यात जास्त चूक होते. नव्या फनेलची लांबी तंतोतंत जुन्याइतकी नसते, त्यामुळे पावडर बारचा (भार मापणाऱ्या सरकत्या पट्टीचा) प्रवास बदलतो. बार पूर्ण टोकाला गेला नाही तर भार कमी पडतो. म्हणून पुंगळी दुसऱ्या स्टेशनवर ठेवून दांडा पूर्ण खाली ओढा आणि बार पाहा. तो टोकाला जाईपर्यंत डाय खाली फिरवा. त्यानंतरचं फिरवणं तोंड फुलवण्यासाठी, आणि ते अदपाव फेऱ्याने, म्हणजे एका फेऱ्याच्या आठव्या भागाने. बार परत आणणाऱ्या उभ्या सळईचा पंखनटही पुन्हा जुळवा, म्हणजे दांडा वर गेल्यावर बार पूर्ण मागे येईल.

तोंड किती फुलवायचं? फुललेल्या तोंडाचा बाहेरचा व्यास ०.३८५ इंचाच्या आसपास असू द्या. आकड्यापेक्षा बोटाची परीक्षा चांगली. बुलेट तोंडावर ठेवा. ती पायरीत सोळांश इंचभर उतरून सरळ उभी राहिली पाहिजे. पुंगळी टेबलावर दोनदा टकटक आपटा. बुलेट कलली तर अजून अदपाव फेरा. बोटाने ढकलल्यावर बुलेट निम्मी आत गेली तर फार झालं. पितळ लवकर चिरतं आणि पुंगळीची पकड जाते.

फनेल बदलला की भार पुन्हा तोलायचा. आधी आठ-दहा भार टाकून परत हॉपरमध्ये (मेझरवरच्या पावडरच्या टाकीत) ओता, मग पुढचे दहा एकेक करून तराजूवर घ्या. किती ग्रेन हे पावडर बनवणाऱ्या कंपनीच्या छापील तक्त्यातून, तुमच्या बुलेटच्या वजनासह. दुसऱ्याने सांगितलेला आकडा घेऊ नका. मग पावडर चेक या भारावर लावा: योग्य भाराला गप्प, रिकाम्या पुंगळीला ओरडतो, मुद्दाम दुप्पट टाकलेल्या पुंगळीलाही ओरडतो. तिन्ही तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पायरी तिसरी: ड्रॉपर

सध्या पावडर आणि प्राइमर दोन्ही बाजूला ठेवा. कोलेटरही खोक्यातच राहू द्या. ड्रॉपरवर फूटभर लांबीची पारदर्शक नळी लावा आणि बुलेट हाताने, टोक वर करून, एकेक सोडा. फूटभर नळीत वीसेक मावतात. एवढ्यावर ड्रॉपर चोख चालेपर्यंत मोटर लावायची घाई नको. नाहीतर बुलेट पडली नाही की दोष वरचा की खालचा, हे कळायला मार्ग नसतो.

ड्रॉपरच्या आत एक सरकता भाग आणि काही छर्रे असतात. वर येणारी पुंगळी त्या भागाला उचलते, छर्ऱ्यांना बाजूला व्हायला जागा मिळते, खालची बुलेट सुटते आणि तिच्यावरची अडते. सगळा खेळ पुंगळी किती उंच उचलते याचा आहे. तोंड फुलवलेली पुंगळी चौथ्या स्टेशनवर ठेवा, दांडा पूर्ण खाली ओढून तसाच धरा, आणि ड्रॉपर हळूहळू खाली फिरवत न्या. पुंगळीचा स्पर्श हाताला कळतो. तिथून अदपाव फेरा खाली, दांडा वर, पुन्हा खाली. बुलेट सुटली की पितळावर टेकल्याचा बारीक ‘टक्’ येतो. तो आल्यावर आणखी अदपाव फेरा द्या आणि लॉक रिंग आवळा. रिंग आवळताना डाय फिरतो, म्हणून आवळल्यावर पुन्हा दहा बुलेट सोडून पाहा.

एका दांड्यात दोन बुलेट आल्या तर डाय जास्त खाली गेला आहे. एकही आली नाही तर वर आहे. मिश्र छापाच्या पुंगळ्या वापरत असाल तर ही जुळवणी सर्वांत आखूड पुंगळीवर करा. ९ मिमीची पुंगळी ०.७५४ इंचापर्यंत चालते आणि दहा थाऊंनी आखूडही असू शकते. लांब पुंगळीवर लावलेला ड्रॉपर आखूड पुंगळीला बुलेट देत नाही.

पायरी चौथी: दाबणं आणि क्रिंप एकाच डायमध्ये

रिकामी, तोंड फुललेली पुंगळी पाचव्यावर ठेवून दांडा खाली धरा. डायचं अंग खाली फिरवा. आतला क्रिंपचा खांदा तोंडाला लागला की अडखळल्यासारखं होतं. तिथून अंग एक पूर्ण फेरा वर. आता फक्त दाबायची दांडी खाली-वर करून बुलेट हव्या त्या खोलीवर बसवा. पूर्ण लांबी १.१६९ इंचापेक्षा जास्त होता कामा नये, आणि तुमच्या बुलेटसाठी तक्त्यात दिली आहे त्यापेक्षा आखूडही नको. बुलेट खोल गेली की पुंगळीतली जागा कमी होते आणि दाब चढतो.

लांबी जमली की दांडी दोन-तीन फेरे वर घ्या, अंग खाली फिरवत न्या आणि तोंडापाशी ०.३७८ इंच मिळेपर्यंत क्रिंप द्या. मग ते काडतूस वर असतानाच दांडी बुलेटला टेकेपर्यंत खाली आणून कुलूप लावा.

हा क्रिंप बुलेट धरण्यासाठी नसतो. फुलवलेलं तोंड पुन्हा सरळ करणं एवढंच त्याचं काम. पकड पुंगळीच्या भिंतीची. खातरजमा करायला काडतुसाची लांबी मोजा, बुलेटचं टोक बाकाच्या कडेवर अंगठ्याने जोरात दाबा, पुन्हा मोजा. दोन थाऊंपेक्षा जास्त आत गेली तर तोंड जास्त फुलवलं जातंय किंवा क्रिंप अतीच दिला आहे. क्रिंप वाढवून हा दोष जात नाही, वाढतो.

आता एक गोष्ट जी पुस्तकी मांडणीत सुटते. एकट्या पुंगळीवर लावलेली लांबी भरल्या प्लेटवर बदलते, कारण पाचही स्टेशनवर दाब पडला की प्लेट आणि टूलहेड किंचित वाकतात. शेवटची जुळवणी पाचही घरं भरलेली असताना करा.

पायरी पाचवी: कोलेटर

स्टँड प्रेसला नव्हे, बाकाला बांधा. प्रेसचा धक्का कोलेटरला लागला की रचलेल्या बुलेट खाचेतून उड्या मारतात. उंची अशी ठेवा की स्प्रिंग ड्रॉपरच्या शक्य तितकी सरळ वर येईल. स्प्रिंग थोडी वाकली तरी चालते, पण बोट फिरवून कुठे कोन लागत असेल तर तिथेच बुलेट अडकणार. जास्तीची लांबी कापून टाका, गुंडाळून ठेवू नका.

कोलेटरची चकती बुलेट उचलते, त्यातल्या काही टोक वर, काही टोक खाली. उलट्या बुलेट पाडायला किंवा फिरवायला एक छोटा उतार असतो, आणि त्याला ओळखायला एकच खूण मिळते: बूड सपाट, टोक निमुळतं. म्हणून गोल टोकावर तो बिनचूक चालतो आणि रुंद सपाट टोकावर किंवा हॉलो पॉइंटवर गोंधळतो. उतार थोडा-थोडा सरकवत शंभर बुलेट नुसत्या डब्यात सोडून पाहा. शंभरात एकही उलटी नको. ‘एखादी चालेल’ असं म्हणाल तर तीच सीटिंग डायमध्ये चेंगरेल, आणि तेव्हा तिच्याखाली पावडर असेल.

स्प्रिंग भरली की मोटर थांबवायला मायक्रोस्विच असतो. तो बुलेटच्या रांगेने दाबला जातो. जास्त बाहेर असेल तर रांग भरूनही मोटर फिरत राहते, जास्त आत असेल तर बुलेट त्यालाच अडकते. चकतीवर एका वेळी दोनशे बुलेट पुरे. गच्च भरलेल्या ताटातून चकतीला एकेक उचलणं जड जातं.

पायरी सहावी: कोरडी फेरी, मग खरी

प्राइमर नाही, पावडर नाही, बाकी सगळं चालू. पन्नास नकली काडतुसं काढा आणि सगळी मोजा. मग पुलरने बुलेट काढून परत वापरा. ही नकली काडतुसं खऱ्यांच्या डब्याजवळही ठेवायची नाहीत.

नंतर प्राइमर आणि पावडर भरून वीस. पहिली पाच एकेक थांबून, दुसऱ्या स्टेशनवरून बाहेर येणाऱ्या पुंगळीत दिव्याच्या झोतात डोकावून. वीसही काडतुसं पिस्तुलाच्या सुट्या नळीत टाकून पाहा. ‘टप्’ आवाज करून बसली पाहिजेत, आणि नळी उलटी केली की आपोआप पडली पाहिजेत.

काय बिघडतं

बुलेट चौथ्यावर नीट बसते आणि पाचव्यापर्यंत जाताना कलते. तोंड कमी फुललं असेल, नाहीतर प्लेट झटक्याने फिरते. दांड्याचा शेवटचा इंच सावकाश सोडायची सवय लागली की हा दोष बहुतेक जातो.

ड्रॉपर अर्धा तास उत्तम चालतो आणि मग बुलेट द्यायचं थांबवतो. स्प्रिंगमध्ये रांग पुरेशी आहे का पाहा. वरच्यांचं वजन नसेल तर खालची बुलेट सुटत नाही. रांग असेल तर डाय उघडून कोटिंगची भुकटी पुसा. आत तेल घालू नका, भुकटी त्यालाच चिकटते. आणि त्या भुकटीत शिसंही असू शकतं, कापड फेकून हात धुवा.

बुलेट न आलेली पुंगळी पाचव्यावर जाते तेव्हा दांडा अचानक हलका लागतो. थांबा. ती पुंगळी काढून पावडर ओतून द्या. कोणत्याही अडचणीत नियम एकच: ज्या पुंगळ्यांबद्दल शंका आहे त्या सगळ्या प्लेटवरून उतरवायच्या. दांडा अर्ध्यावरून परत वर नेऊन पुन्हा ओढला तर दुसऱ्या स्टेशनवरच्या पुंगळीत पावडर दोनदा पडू शकते. फीडर असताना हे हमखास घडतं, कारण अडथळा चौथ्यावर असतो, लक्षही तिकडेच जातं, आणि दुसऱ्यावर काय झालं याचा कुणाला पत्ता नसतो.

काम संपलं की स्प्रिंगमधल्या बुलेट काढून मूळ डब्यात टाका. ११५ ग्रेनच्या वीस बुलेट स्प्रिंगमध्ये राहून गेल्या आणि पुढच्या वेळी कोलेटरमध्ये १२४ ग्रेनच्या ओतल्या, तर पहिली वीस काडतुसं कोणत्या तक्त्याने भरली हे नंतर ओळखता येत नाही.